पगार इथला, रिटर्न तिथलं!

माझा रूम-पार्टनर जन्माने अमेरिकन, वाढला मात्र पुण्यात. खिशात ओसीआय कार्ड. कॅम्पसमधून नोकरी लागली, पेढे वाटून झाले आणि मग साहेबांना कळलं की पगार पुण्यात घेतला तरी अमेरिकेत रिटर्न भरावं लागणार! कारण अमेरिका आपल्या नागरिकाकडून तो जगात कुठेही राहत असला तरी कर मागते. चेहरा पडला बिचाऱ्याचा. "म्हणजे दोनदा कर?"

तसं नाही. भारतात भरलेला आयकर अमेरिकेच्या करातून वजा करून मागता येतो. हेच फॉरिन टॅक्स क्रेडिट. त्याचा फॉर्म १११६. एक गणित करू. २०२५ सालासाठी अविवाहिताची प्रमाणित वजावट १५,७५० डॉलर. पगार २०,७५० असेल, तर उरलेल्या ५,००० वर १० टक्क्यांनी कर ५०० डॉलर. समजा, भारतात १,५०० भरले. मग क्रेडिट ५०० चंच मिळणार, तिथला कर शून्य. उरलेले १,००० वाया जात नाहीत. एक वर्ष मागे किंवा पुढची १० वर्षं वापरता येतात.

दुसरा रस्ता फॉर्म २५५५ चा. अटी पूर्ण केल्या तर २०२५ च्या परदेशी कमाईपैकी १,३०,००० डॉलरपर्यंतची रक्कम करातून वगळता येते. पण वगळलेल्या कमाईवरच्या कराचं क्रेडिट मिळत नाही. दुबईत पगारावर आयकरच नाही, तिथे हा रस्ता सोयीचा. भारतात कर भरणाऱ्याने आधी क्रेडिटचा हिशोब करून पाहावा.

आता उशिराचं. अमेरिकेचं करवर्ष डिसेंबरला संपतं, आपलं मार्चला. त्यामुळे हिशोब जुळवायला वेळ लागतोच. परदेशात राहून तिथेच काम करणाऱ्या नागरिकाला १५ एप्रिलऐवजी १५ जूनपर्यंत मुदत आपोआप मिळते. फॉर्म ४८६८ भरला तर १५ ऑक्टोबरपर्यंत. मात्र कर देणं निघालं, तर व्याज १५ एप्रिलपासूनच चालू! जादा भरलेला कर परत मागायला साधारणपणे तीन वर्षं मिळतात. परदेशी कराच्या क्रेडिटमुळे निघणाऱ्या परताव्याला मात्र दहा.

थोडक्यात, उशीर निस्तरता येतो. पण क्रेडिट कोणी घरी आणून देत नाही, रिटर्न भरून मागावं लागतं. "माझा कर शून्यच आहे" म्हणून गप्प बसणाराच फसतो.

आमचे साहेब आता प्रत्येक कागद फाइलला लावतात. मेसचं बिलसुद्धा!