रोजचे पाच रुपये : इयत्ता पाचवीसाठी गणिताचा एक पाठ

नाशिकरोड येथे १९२८ पासून नोटा छापल्या जातात. त्या राखण्याचे शिक्षण मात्र प्राथमिक शाळांनीच द्यावयाचे आहे. शिक्षकांनी पाचवीच्या वर्गास एक उदाहरण घालावे. खाऊवर रोज पाच रुपये खर्च होतात, तर महिन्याचे किती? दीडशे. हीच रक्कम पोस्टाच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत दरमहा भरल्यास साठ हप्त्यांचे मुद्दल ९,००० रुपये होते, व्याज निराळे. दहा वर्षे पूर्ण झालेले मूल हे खाते स्वतःच्या नावे उघडू शकते. दहावीनंतर तालुक्याच्या गावी शिकावयास निघालेल्या मुलीस एवढी रक्कम मोठा आधार ठरेल. मात्र ज्याच्या हाती खाऊचा पैसाच येत नाही, अशा मुलास त्याचा हिशेब वर्गात विचारू नये. उदाहरण फळ्यावरच सोडवावे.