अफरातफर, बडतर्फी आणि न्यायालयाची मर्यादा

लबाडीचा आरोप चौकशीत अथवा लवादापुढे सिद्ध होऊन नोकरी गेली, तर न्यायालय काय पाहते? न केलेल्या दौऱ्यांचा प्रवासभत्ता मागितल्याच्या आरोपावरून, न्यायाधिकरणाच्या चौकशीनंतर, आंध्र प्रदेशातील एका शासकीय कर्मचाऱ्यास बडतर्फ करण्यात आले. हैदराबाद येथील उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. परंतु १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निर्णय फिरविला. रिट अर्ज ऐकणारे न्यायालय हे अपील न्यायालय नव्हे. पुरावा पुरेसा की अपुरा, हे ते पुन्हा तोलीत नाही. मात्र निष्कर्षास मुळीच पुरावा नसेल, अथवा कर्मचाऱ्यास बाजू मांडू दिली नसेल, तर ते अवश्य हस्तक्षेप करते.

लवादाचे निवाडेही या कसोटीबाहेर नाहीत. तेव्हाच्या औद्योगिक विवाद अधिनियमाखाली नेमलेल्या लवादाच्या निवाड्याविरुद्ध रिट अर्ज करता येतो, हे १९७५ च्या रोहतास इंडस्ट्रीज प्रकरणात स्पष्ट झाले. अवाजवी शिक्षा बदलण्याचा अधिकार लवादासही आहे, असे १९७९ मध्ये गुजरात स्टील ट्यूब्ज कंपनीतील संपाच्या प्रकरणात ठरले.

तात्पर्य, अधिकाऱ्यांनी चौकशी नियमानुसार करावी आणि कर्मचाऱ्याने आपले साक्षीपुरावे चौकशीतच मांडावेत. तेथे दवडलेली संधी न्यायालयात सहसा परत मिळत नाही.