इंजिन वर घेतलं तर होडी थांबणार नाही का?



परिसर अभ्यासाच्या तासाला मुलांना एक व्हिडिओ दाखवला. अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या उथळ पाण्यात एक मोटरबोट धावते आहे. चालक बटण दाबतो आणि मागचं इंजिन सरळ वर सरकतं. मी सांगून टाकलं, "इंजिन वर, म्हणजे वेग जास्त." खाडीत होडी चालवणाऱ्यांचा मुलगा लगेच म्हणाला, "बाई, पंखा वर आला की इंजिन नुसतं ओरडतं, होडी पुढे जात नाही." त्याचं बरोबर होतं आणि माझं उत्तर अर्धवट होतं. म्हणून हा पाठ.

जॅक प्लेट म्हणजे काय?
होडीच्या मागच्या फळीवर थेट इंजिन न बसवता मध्ये एक धातूची चौकट बसवतात. तिच्यातली विजेची मोटर सगळं इंजिन काही इंच सरळ वर-खाली नेते. 'ट्रिम' वेगळं. ट्रिममध्ये इंजिनाचा कल बदलतो, जॅक प्लेटमध्ये उंची.

फायदा का होतो?
इंजिनाचा बुडालेला भाग पाण्याला अडवत असतो. तो थोडा वर आला की अडथळा कमी होतो, वेग वाढतो आणि पंखा तळाला घासत नाही. पण पंखा फार वर आला तर तो हवा ओढतो. मग फेरे वाढतात, वेग मात्र नाही. शिवाय इंजिन थंड ठेवणारं पाणी खालच्याच छिद्रांतून आत येतं. छिद्रं उघडी पडली तर इंजिन तापतं.

कसं चालवतात?
१. बंद-स्विचची दोरी चालकाच्या अंगाला अडकवायची. चालक पडला तर इंजिन बंद होतं.
२. निघताना इंजिन खाली ठेवायचं.
३. होडी पाण्यावर तरंगत धावू लागली की थोडं-थोडं वर घ्यायचं. नजर पाण्याच्या दाबाच्या काट्यावर.
४. दाब उतरला किंवा इंजिन ओरडलं, की लगेच खाली.
५. तीव्र वळणाआधी आणि लाटांमध्येही खाली.

एक फसगत मुलांना जरूर सांगा. धावती होडी कमी पाण्यातून निघून जाते, पण तिथेच थांबली तर खाली बसते आणि अडकते. म्हणजे जॅक प्लेट असली तरी पाण्याची खोली ओळखावीच लागते. फ्लोरिडात पंख्यांनी समुद्री गवत कापलं जाऊन तळावर लांब चरे पडले आहेत. ते भरून यायला कित्येक वर्षं लागतात. मॅनाटी हा प्राणी तेच गवत खातो.

घरी करून पाहा
बादलीत पाणी घ्या आणि ताक घुसळायची रवी खोल धरून फिरवा. हाताला जोर लागतो. आता फिरवत-फिरवत वर आणा. पृष्ठभागाशी येताच बुडबुडे येतात आणि रवी हलकी फिरते. पंख्याचं हेच होतं! मुलांना विचारा, "रवी हलकी झाली, मग पाणी जास्त ढवळलं की कमी?"

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी फळ्यापाशी बोलावलं. त्याने हात हलवत सगळं समजावलं, आणि एरवी गप्प बसणारा तो तास संपला तरी बोलतच होता. तुमच्या वर्गातही असं घरचं ज्ञान घेऊन येणारी मुलं असतील. आपलं उत्तर चुकलं तर तसं सांगा आणि खडू त्यांच्या हाती द्या.