मोडलेली शपथ

शास्त्रपाठ : यिर्मया 34:8-22, यहेज्केल 17:11-21

दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला लाल किल्ला पाहताना महादजी शिंदे आठवतात. परंतु 1788 साली त्यांना येथे फौज का धाडावी लागली, हे फारसे कोणी सांगत नाही. त्या वर्षीच्या जुलैमध्ये रोहिला सरदार गुलाम कादिर याने कुराणावर शपथ घेऊन बादशहा शाह आलम यास अभय दिले व किल्ल्यात प्रवेश मिळवला. ऑगस्टमध्ये त्याच बादशहाचे डोळे त्याने काढले. ऑक्टोबरमध्ये महादजींच्या फौजेने दिल्ली घेतली. गुलाम कादिर पकडला गेला आणि मार्च 1789 मध्ये त्याला हाल हाल करून मारण्यात आले. बादशहा पुन्हा तख्तावर बसला, परंतु 1806 मध्ये मरेपर्यंत तो आंधळाच राहिला.

शपथ मोडणाऱ्याला शासन होते, एवढाच बोध आपण अशा प्रसंगांतून सहसा घेतो. पवित्र शास्त्र मात्र आधी ज्याने विश्वास ठेवला त्याच्याकडे पाहावयास लावते.

बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातला असता सिद्कीया राजाने लोकांशी करार केला की, प्रत्येकाने आपल्या इब्री दासदासींना मुक्त करावे. वासरू दुभागून त्याच्या भागांमधून सरदार व याजक चालत गेले. करार मोडला तर आमची दशा या वासरासारखी होवो, असा त्याचा अर्थ. (इब्री भाषेत करार 'करीत' नाहीत, 'कापतात'.) दासदासी सुटल्या. इतक्यात मिसराचे सैन्य निघाल्याची वार्ता आली, खास्दी वेढा उठवून गेले, आणि भीती ओसरताच धन्यांनी त्याच माणसांना पुन्हा धरून आणले.

या ठिकाणी भाषांतरकाराची लेखणी अडते. पंधराव्या वचनात लोक योग्य मार्गाकडे वळतात, सोळाव्यात ते उलटतात आणि दासांना परत आणतात. या तिन्ही क्रियापदांचा मूळ धातू एकच आहे, शूब. पश्चात्तापासाठीही संदेष्टे हाच धातू वापरतात. आपल्या मराठीतही माणूस पापापासून फिरतो आणि दिल्या शब्दालाही फिरतो. यरुशलेमकरांनी दोन्ही केले, आणि तेही एकाच वेढ्याच्या काळात! संकटातला पश्चात्ताप किती खरा होता, हे संकट टळल्यावर कळते.

यावर परमेश्वर म्हणतो, तुम्ही माझे नाव विटाळले. विटाळ हा शब्द येथे मुद्दाम लक्षात घ्यावा. दासी परत राबू लागली तर देवाचे नाव कसे विटाळते? करार त्याच्या मंदिरात, त्याच्यासमोर झाला होता. त्या दासीने धन्याच्या चांगुलपणावर विश्वास ठेवला नव्हता; तो तिला पुरता ठाऊक होता. तिने जामीन राहिलेल्या नावावर विश्वास ठेवला होता. तिची फसवणूक झाली तेव्हा तो जामीनदारच खोटा ठरला.

याच सिद्कीयाने नबुखद्नेस्सराशी घेतलेली शपथही मोडली. ती एका मूर्तिपूजक विजेत्याने लादलेली होती. तरी यहेज्केलाच्या मुखाने परमेश्वर तिला 'माझी शपथ' म्हणतो. समोरचा परधर्मी होता, वेळ अडचणीची होती, या सबबी येथे टिकत नाहीत. (हेरोदासारखी पाप करण्याची शपथ हा निराळा विषय आहे, ती पाळणे हेच पाप.) रिब्ला येथे सिद्कीयाच्या डोळ्यांदेखत त्याचे पुत्र मारले गेले आणि मग त्याचे डोळे फोडण्यात आले. दिल्लीत मात्र डोळे गेले ते विश्वास ठेवणाऱ्याचे.

आपल्या मंडळ्यांत विवाहाचे वचन मोडते तेव्हा त्या पुरुषाला प्रभुभोजन द्यावे की नाही, त्याला कमिटीवर ठेवावे की नाही, यावर सभा रात्री उशिरापर्यंत चालते. देवासमोर उच्चारलेल्या शब्दांवर जिने घरदार सोडले, ती बाई बहुधा त्या सभेत नसते. तिचे भाडे, मुलांची फी यांची चौकशी कोणी करीत नाही. शिस्त हवीच, पण तेवढ्याने मंडळीचे काम संपते, असे मला वाटत नाही.

गिबोनी लोकांना यहोशवाने दिलेली शपथ शौलाने मोडली आणि पुढे दावीदाच्या काळात तीन वर्षे दुष्काळ पडला. दावीदाने परमेश्वराला कारण विचारले, उत्तर मिळाले, आणि मग त्याने गिबोन्यांनाच बोलावून विचारले की, मी तुमच्यासाठी काय करू? त्यांनी केलेली मागणी भयंकर होती, आणि तो अध्याय आपल्या उपासनेत क्वचितच वाचला जातो.