निर्धूर चूल : बांधणी, वापर व राखण



नाशिक जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा, इगतपुरी व त्र्यंबकेश्वर ह्या डोंगरी तालुक्यांत पावसाळ्यातील एखाद्या सायंकाळी कोणत्याही पाड्यावर गेल्यास कौलांतून व गवतातून धूर झिरपताना दिसतो. वाटसरूस तो पाहून बरे वाटते. घरोघरी रांधणे चालले आहे असे तो समजतो. परंतु त्याच छपराखाली चुलीपुढे बसलेल्या गृहिणीस व तिच्या मांडीवरील लेकरास त्या धुरापासून पळून जाण्यास जागा नसते.

1 मे 2016 रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे पुष्कळ घरी गॅस आला आहे, आणि जेथे तो परवडतो तेथे तोच चुलीपेक्षा बरा, ह्यात संशय नाही. तथापि टाकी संपली आणि नवीन आणण्यास पैसा नसला, की चूल पुन्हा पेटते. भाकरीसाठी व अंघोळीच्या पाण्यासाठी तर ती पुष्कळ घरी रोजच पेटते. अशा घरी ती कशी बांधावी, कशी वापरावी व कशी राखावी, हा आजचा धडा आहे. प्रचारक बंधूंनी तो सायंकाळच्या वर्गात वाचून दाखवावा, आणि ऐकणाऱ्यांत पुरुषही असतील असे पाहावे. त्याचे कारण पुढे कळून येईल.

1. धूर म्हणजे काय?

धूर म्हणजे न जळलेले लाकूड होय. लाकूड पुरते जळले म्हणजे उष्णता, वाफ, कार्बन डायऑक्साइड व थोडी राख एवढेच उरते. परंतु लाकूड ओले असले, चुलीत हवा कमी पडली, अथवा ज्योत थंड भांड्यास लागून विझली, म्हणजे जळणाचा काही भाग बारीक कणांच्या व विषारी वायूंच्या रूपाने बाहेर पडतो. म्हणून जो धूर डोळ्यांत जातो तो आपल्याच डोक्यावरून वाहून आणलेल्या मोळीचा वाया गेलेला अंश आहे.

हे कण इतके सूक्ष्म असतात की ते फुप्फुसांच्या तळापर्यंत पोचतात. लहान मुलांचा न्यूमोनिया, प्रौढांचा जुनाट खोकला व दमा लागणे, हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसांचा कर्करोग व मोतीबिंदू ह्या सर्वांशी चुलीच्या धुराचा संबंध आढळला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2020 ह्या एका वर्षी घरातील धुरामुळे जगात सुमारे 32 लाख माणसे मृत्यू पावली, आणि त्यांत पाच वर्षांखालील बालके दोन लाखांहून अधिक होती.

2. मागील प्रयत्नांपासून धडा

आपल्या देशात ह्या कामास फार वर्षे झाली. वर्धा येथील मगनवाडीत 1934 साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या कार्यातून ‘मगन चूल’ निघाली. हैदराबाद येथील अभियंते एस. पी. राजू ह्यांनी धुराड्याच्या चुलीचा प्रसार केला, आणि त्यांचे त्या विषयावरील इंग्रजी पुस्तक 1953 साली मद्रासच्या ख्रिश्चन लिटरेचर सोसायटीने प्रसिद्ध केले. पुढे 1983 च्या अखेरीस भारत सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो 2002 पर्यंत चालला व त्यात तीन कोटींहून अधिक चुली बसविल्या गेल्या. महाराष्ट्रात डॉ. आनंद कर्वे ह्यांनी 1996 साली स्थापिलेल्या ‘आरती’ ह्या संस्थेने ह्या कामी पुष्कळ परिश्रम केले, आणि दोन भांड्यांची, धुराड्याची ‘लक्ष्मी’ चूल खेडोपाडी पोचली.

इतक्या चुली बसल्या, तर आज घरे धुराने काळी का? ओडिशात एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन व रेमा हॅना ह्या तीन अर्थशास्त्रज्ञांनी धुराड्याच्या चुली मिळालेल्या कुटुंबांची चार वर्षेपर्यंत पाहणी केली. पहिल्या वर्षी गृहिणींच्या श्वासातील धूर कमी झाला. पुढे तो लाभ नाहीसा झाला. चुली नीट वापरल्या गेल्या नाहीत, भेगा बुजविल्या गेल्या नाहीत, धुराडी साफ झाली नाहीत, आणि हळूहळू लोक जुन्या चुलीकडे परतले. ह्यावरून उघड होते की धुराडे बांधल्याने घर धुरापासून सुटत नाही. धुराडे राखल्याने सुटते. हे सूत्र मनात धरून पुढील भाग वाचावा.

3. जागा व माती

चूल दारासमोर, वाऱ्याच्या झोतात मांडू नये, आणि अगदी कोंदट कोपऱ्यातही मांडू नये. धुराडे धूर बाहेर ओढते, तेव्हा तितकीच ताजी हवा आत यावी लागते. म्हणून एक खिडकी किंवा झरोका उघडा असावा. पावसाळ्यात तो पोत्याने गच्च बुजवू नये.

घराची भिंत कारवीच्या कुडाची असल्यास चुलीच्या मागे विटांची अथवा जाड मातीची स्वतंत्र भिंत उभारावी. नुसता शेणमातीचा हात फिरविणे पुरेसे नाही. उष्णतेने लिंपण तडकते व आतील कारवी पेट घेते. चुलीच्या वर सरपणाचा माळा, वाळत टाकलेले कपडे अथवा मक्याची कणसे टांगू नयेत.

शेतातील काळी माती चुलीस वापरू नये, कारण ती सुकताना फार आकसते व भेगा पडतात. तांबडी अथवा वारुळाची माती चाळून घ्यावी. तीत थोडी वाळू, भाताचे तूस किंवा बारीक भुसा व शेण मिसळून दोन-तीन दिवस भिजत ठेवावी आणि मग चांगली तुडवावी.

4. चुलीची बांधणी

आपल्या जुन्या चुलीस वैल असतोच. निर्धूर चूल म्हणजे त्याच चुलीची सुधारलेली रीत आहे. पुढील भोकाखाली आग, तेथून आतून वाट वैलाकडे, आणि वैलाच्या मागून वाट धुराड्यात, असा ज्योतीचा प्रवास असतो.

जळण घालण्याचे तोंड सात-आठ इंचांहून रुंद ठेवू नये. मोठ्या तोंडातून थंड हवा फार शिरते, व गृहिणीसही एकदम पुष्कळ लाकडे कोंबण्याचा मोह होतो. आगीच्या तळापासून भांड्याच्या बुडापर्यंत सात-आठ इंच अंतर असावे. वैलाखालील तळ मातीने उंच करावा, म्हणजे ज्योत भांड्याच्या बुडास घासून जाते.

भोके मात्र घरातील भांडी प्रत्यक्ष ठेवूनच बेतावी. रोजच्या वापरातील पातेले व तवा ओल्या मातीत बसवून फिरवावा, म्हणजे काठ भांड्यास घट्ट बसतो. निर्धूर चुलीत भांडे हेच झाकण आहे. काठाशी फट राहिली तर धूर तेथून घरात येतो आणि धुराड्याची ओढही कमी होते.

चूल आठ-दहा दिवस सावलीत सुकू द्यावी. पडलेल्या भेगा त्याच मातीने भराव्या, आणि प्रथम दोन-तीन दिवस लहानच जाळ करावा.

5. धुराडे

नळी आतून चार इंच रुंद असावी आणि चुलीपासून नऊ-दहा फूट सरळ वर जावी. आडवी वळणे जितकी कमी तितकी ओढ अधिक. वरचे टोक छपराच्या वर निदान दोन फूट असावे. ते आढ्याच्या फार खाली राहिले तर वाऱ्याने धूर उलटा येतो. टोकावर पावसासाठी टोपी बसवावी, परंतु टोपी व नळी ह्यांमध्ये चार इंच मोकळी जागा ठेवावी. तळाशी काजळी काढण्याचे एक भोक ठेवून त्यास मातीचे झाकण करावे.

पूर्वी सरकारी चुलींस अॅस्बेस्टॉस सिमेंटच्या नळ्या लावीत. अॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांस अत्यंत घातक आहे. अशी जुनी नळी घरात असल्यास ती करवतीने कापू नये, फोडू नये, घासूही नये. नवीन काम जस्ती पत्र्याच्या किंवा भाजलेल्या मातीच्या नळीचे करावे.

पत्र्याची नळी फार तापते. तिच्यापासून लाकडी वासा, कूड अथवा बांबू दीड फूट दूर असावा. कौलारू छपरातून नळी नेताना भोवती पत्र्याची तबकडी बसवावी. गवती छपरातून नळी कधीही नेऊ नये. एका ठिणगीने सर्व घर जाते. अशा घरी स्वयंपाकाचा भाग वेगळा करून त्यावर पत्रा अथवा कौले घालावीत, आणि तसे होईपर्यंत धुराडे बसवू नये.

6. रोजचा वापर

ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचे असू शकते. असे लाकूड आधी स्वतःस वाळवते आणि मग अन्न शिजविते. म्हणून सरपण फोडून, मृगापूर्वीच आडोशास, जमिनीपासून उंच रचावे. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून टणक आवाज आला तर लाकूड वाळले असे समजावे. लाकडे मनगटाहून जाड नसावी, आणि एका वेळी दोन-तीनच घालून जशी जळतील तशी पुढे सारावी.

वैलावर भांडे नसेल तेव्हा त्यावर पाण्याचे पातेले अथवा घट्ट झाकण ठेवावे. ते भोक उघडे राहिले तर धुराडे घरातील हवाच ओढते आणि चूल धुमसते.

पेटविण्यास प्लॅस्टिकची पिशवी, टायरचा तुकडा अथवा रंगविलेले लाकूड घालू नये. त्यांचा धूर लाकडाच्या धुराहून अधिक विषारी असतो. निफाड व दिंडोरीकडील बंधूंनी औषधे फवारलेल्या द्राक्षवेलींच्या छाटलेल्या काड्या घरातील चुलीत न जाळणे बरे. धुमसत्या निखाऱ्यांवर रॉकेल तर कधीच ओतू नये. त्याची वाफ भडकून हात व तोंड भाजते.

7. राखण

रोज राख काढावी. आठवड्यास काठ व सांधे पाहून भेगा लिंपाव्या. पंधरा दिवसांनी, निदान महिन्याने, चूल थंड असताना धुराडे साफ करावे. दोरीस लहान धोंडा व चिंध्यांचा गोळा बांधून वरून सोडावा व ओढावा, आणि खालच्या भोकातून काजळी काढावी. साठलेली काजळी धुराड्यातच पेटण्याचे भय असते.

साफसफाई झाल्यावर जळता कागद चुलीच्या तोंडाशी धरावा. ज्योत आत ओढली गेली तर धुराडे मोकळे आहे. ती बाहेर वळली तर कोठे तरी अडथळा आहे.

छपरावर चढणे हे बहुधा पुरुषाचे काम आहे, आणि धूर मात्र स्त्रीच्या वाट्यास येतो. ज्यास धूर लागत नाही त्यास धुराड्याची आठवण राहत नाही, हेच पुष्कळ चुली निकामी होण्याचे मूळ आहे. म्हणून प्रत्येक घरधन्याने महिन्यातील एक दिवस ह्या कामास नेमून ठेवावा.

8. अग्नीपासून सावधगिरी

पदर खोचून बसावे. नायलॉनचे लुगडे वितळून अंगास चिकटते, म्हणून चुलीपुढे सुती वस्त्र बरे. रांगत्या मुलासाठी चुलीपुढे आडवी फळी किंवा कुंपण असावे. जवळ पाण्याची बादली व मातीचे घमेले ठेवावे. कढईतील तेल पेटल्यास पाणी टाकू नये, झाकण घालावे. राखेत निखारा रात्रभर जिवंत राहतो. ती गंजीजवळ अथवा गोठ्याजवळ टाकू नये.

कपड्यांनी पेट घेतल्यास धावू नये. जमिनीवर लोळावे, अथवा जाड घोंगडी अंगाभोवती गुंडाळावी. भाजलेल्या भागावर वीस मिनिटे स्वच्छ थंड पाणी सोडावे. तेल, शाई, राख अथवा दंतमंजन लावू नये, फोड फोडू नयेत, आणि 108 ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

9. बाळंतिणीची खोली

शेवटी एक अत्यंत गंभीर गोष्ट. आपल्याकडे बाळंतिणीस शेक व धुरी देण्यासाठी बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून दार-खिडक्या लावून घेण्याची चाल आहे. हिवाळ्यात, विशेषतः निफाडच्या कडाक्याच्या थंडीत, इतर लोकही शेगडी घेऊन निजतात. निखाऱ्यांस धूर दिसत नाही, म्हणून ते निरुपद्रवी वाटतात. परंतु त्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्यास वास नाही, रंग नाही. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते, आणि निजलेला मनुष्य जागाच होत नाही. नवजात बालकाचा श्वास तर चिमुकला; त्यास हा वायू व धुरी दोन्ही फार बाधतात.

म्हणून बंद खोलीत शेगडी कधीही ठेवू नये. आईस ऊब हवी असल्यास गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून द्यावी, आणि बाळास तिच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालावे, मात्र त्याचे तोंड मोकळे असावे. ह्याहून उत्तम ऊब नाही. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांस हे आदराने व धीराने समजावावे. त्यांचा हेतू मायेचाच असतो. ती माया न मोडता रीत तेवढी बदलावयाची आहे. आणि कोणी शेगडीजवळ गुंगलेला आढळल्यास त्यास प्रथम उघड्या हवेत आणून मग दवाखान्यात न्यावे.

वर्गासाठी प्रश्न

1. धूर म्हणजे लाकडाचा वाया गेलेला अंश, असे का म्हटले आहे?
2. वैलाचे भोक उघडे राहिल्यास काय होते?
3. गवती छपरातून नळी का नेऊ नये?
4. बंद खोलीतील निखारे धुराशिवायही घातक कसे?
5. आपल्या घरचे धुराडे शेवटचे कोणी व केव्हा साफ केले?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर वर्गात सांगण्याची गरज नाही. घरी जाऊन धुराडे पाहावे, म्हणजे झाले.