गोंदण पुसलेला फोटो

आजीनं अल्बम मांडीवर घेतला, तीन पानं उलटली आणि चौथ्या पानावर बोट ठेवून मला विचारलं, "हे कोणाची बुढी होय रे?"

"तुम्हीच आहा जी, आजी."

"मी? मंग माह्या कपाळावरचं कुठी गेलं?"

मी वाकून पाहिलं. नवरीच्या आजीचा तो मोठा फोटो मला स्वतःला फार आवडला होता. चेहऱ्यावर छान उजेड, डोळे स्पष्ट, लुगड्याचा काठ तजेलदार. फक्त कपाळावरचं हिरवट गोंदण नव्हतं आणि हनुवटीवरचे तीन ठिपकेही नव्हते. आजी चिडली नाही. अल्बम मिटून एवढंच म्हणाली, "गोंदण मेल्यावरबी संग येते म्हणतात. तुनं तं जितेपणीच पुसलं बाप्पा."

घरातले सगळे हसले. मीही हसलो, पण अकोल्याहून अमरावतीला परत येताना बडनेऱ्यापर्यंत माझं लक्ष गाडीत नव्हतं.

झालं होतं ते असं. मी अमरावतीत लग्नाचे फोटो काढतो. मे महिन्याचा सीझन, अकोल्यातलं लग्न, दोन कॅमेरे. एक माझा, एक भाच्याचा. हळदीपासून पाठवणीपर्यंत मिळून तेवीसशेच्या वर फोटो. दरवर्षी एवढे फोटो निवडून, उजळवून, रंग जुळवून द्यायला मला आठवडा लागतो आणि तोवर पुढची दोन लग्नं उरकलेली असतात. त्या वर्षी म्हटलं, मोबाइलवर ज्याच्याशी आपण गप्पा मारतो त्या एआय मदतनिसालाच हे काम सांगून पाहू. मराठीत सांगितलेलं कळतं, रात्री दोनला विचारलं तरी वैतागत नाही आणि चहा मागत नाही.

आधी एक गोष्ट नीट सांगतो, कारण ती मला कोणी सांगितली नव्हती. असा मदतनीस फोटोचं काम दोन वेगळ्या रीतींनी करतो आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. पहिल्या रीतीत तुम्ही फोटो चढवता, "चेहरा साफ कर" म्हणता आणि तो फोटो परत देतो. इथे तो तुमचा फोटो दुरुस्त करत नाही, तुमचा फोटो पाहून नवा काढतो. परतीच्या चित्रातला चेहरा म्हणजे त्या चेहऱ्यासारखा चेहरा. दुसऱ्या रीतीत तो तुम्हाला छोटा प्रोग्राम लिहून देतो आणि तो तुमच्या लॅपटॉपवर शेकडो फोटोंवर एकाच नियमानं फिरतो. इथे नवं काही काढलं जात नाही, पण कोणी पाहतही नाही. पहिला हात सफाईदार आणि खोटा, दुसरा प्रामाणिक आणि आंधळा. मी एकाच लग्नात दोन्ही वापरले.

सुरुवातीला चाचणी घेतली होती, नाही असं नाही. पाच फोटो दिले. पाचही स्टेजवरचे: नवरा-नवरी मध्ये, पाहुणे दोन बाजूंना, समोरून सरळ लाइट. निकाल सुरेख आला. आता कळतं, ती चाचणी नव्हतीच. ज्या फोटोंना कोणीही बिघडवू शकत नाही, तेच मी निवडले होते. चाचणीला घ्यायचे असतात ते वाकडे फोटो: हळदीचे, हवेत अक्षता असलेले, वरातीतल्या निळ्या-जांभळ्या एलईडीचे, उभे धरलेले, सगळ्यात म्हाताऱ्या चेहऱ्याचे आणि सगळ्यात सावळ्या चेहऱ्याचे. असे वीस सुधारून आले तर पुढे जा.

हळदीचं सांगतो. मी म्हटलं होतं, "सगळ्या फोटोंचा व्हाइट बॅलन्स नीट कर." प्रोग्रामनं त्याचं नेहमीचं गणित लावलं. ते गणित असं धरून चालतं की फोटोतले सगळे रंग एकत्र कालवले तर साधारण करडा रंग यावा. पिवळं जास्त दिसलं, म्हणजे लाइटचा दोष आहे, निळं वाढवा. आता हळदीच्या मांडवात काय असतं? पिवळी साडी, पिवळे कुर्ते, झेंडूच्या माळा आणि कोपरापर्यंत हळद माखलेली नवरी. गणितानं तिची हळद उतरवली. नवरी राखेत लोळून आल्यासारखी दिसायला लागली आणि करवल्यांच्या साड्या मेणासारख्या फिकट.

अक्षतांचं त्याहून गमतीचं. मांडवात उजेड कमी होता, म्हणून मी फोटोतला दाणेदारपणा काढायला सांगितला होता. त्यासाठी जी चाळणी वापरली जाते, ती प्रत्येक ठिपक्याची आजूबाजूच्या ठिपक्यांशी तुलना करते आणि एकटा पडलेला वेगळा ठिपका मधल्या किमतीला आणून बसवते. हवेत उडालेली अक्षत म्हणजे एकटा पडलेला वेगळा ठिपकाच की. मंगलाष्टकं संपल्याचा तो क्षण, सगळ्यांचे हात वर, आणि हवा रिकामी. लोक नुसतेच हात वर करून उभे, जसे काही पोलिसांनी सांगितलं आहे.

एवढं बिघडूनही मूळ फोटो जागेवर असते तर एक दिवस वाया गेला म्हणून सोडून दिलं असतं. ते जागेवर नव्हते. मदतनिसानं इमेजमॅजिक नावाच्या फुकट साधनाची आज्ञा लिहून दिली होती. हे साधन १९९० पासून लोकांच्या हाती आहे, चांगलं आहे, जगभर वापरतात. त्यातली 'मॉग्रिफाय' ही आज्ञा सुधारलेला फोटो मूळ फोटोच्याच नावानं, मूळ फोटोच्याच जागी ठेवते. वेगळं फोल्डर सांगितलं तर मूळ वाचतो. मदतनिसानं उत्तराच्या तळाशी "आधी प्रत काढून ठेवा" असं लिहिलंही होतं. मी तळापर्यंत गेलोच नव्हतो. आज्ञा कॉपी केली, चिकटवली आणि जेवायला गेलो. दोष कोणाचा, हे यापुढे मला कोणी विचारू नये.

त्यातच दुसरं गणित चुकलं. दोन्ही कॅमेरे एकाच कंपनीचे, त्यामुळे फोटोंची नावंही एकाच धाटणीची: चार आकडी नंबर, ९९९९ नंतर पुन्हा ०००१. दोघांचे फोटो एका फोल्डरमध्ये हलवायला सांगितले, तर ज्यांचे नंबर जुळले त्यात माझे फोटो भाच्याच्या फोटोंवर जाऊन बसले. मदतनिसाचा प्रोग्राम शेवटी म्हणाला, काम पूर्ण झालं. झालंच होतं. सांगितलेलं सगळं हलवलं होतं. गेले किती आणि उरले किती हे मी विचारलं नव्हतं, म्हणून त्यानं मोजलं नव्हतं. मोजलं तेव्हा दोनशेच्या वर कमी भरले.

माझ्या कॅमेऱ्यात दोन कार्डं बसतात, दोन्हींवर तोच फोटो जातो. त्यामुळे माझे वाचले. अक्षता परत आल्या, पुढे आजीचं गोंदणही त्यातूनच आलं. भाच्याचा कॅमेरा जुना, एका कार्डाचा. बायकांकडची हळद त्यानं काढली होती आणि दुसऱ्याच दिवशी मूर्तिजापूरच्या ऑर्डरसाठी ते कार्ड फॉर्मॅट करून त्यावर नवीन लग्न काढलं होतं. फोटोरेक नावाच्या फुकट प्रोग्रामनं कार्ड खरवडून पाहिलं. जिथे नवीन फोटो बसला नव्हता, तिथले जुने निघाले. अर्ध्याहून कमी, विनानावाचे, क्रम नसलेले. बाकीच्यांवर मी उलटं गणित करून हळद परत चढवायचा प्रयत्न केला. पण प्रत्येक फोटोचं माप वेगळं आणि पांढऱ्या रंगावर निळं टोकाला भिडलं होतं, तिथून ते परत येत नाही. आम्ही लग्नात जेपेगच काढतो, रॉ काढत नाही. जागा वाचते. वाचलेली ती जागा मला महागात पडली.

आता आजीकडे येतो. जवळच्या नातेवाइकांचे चाळीसेक फोटो मी पहिल्या रीतीनं, म्हणजे चढवून करून घेतले. "चेहऱ्यावरचे डाग काढ, थोडा ग्लो दे." एवढीच सूचना. त्याच्या लेखी गोंदण हा डाग. एका मामांच्या भुवईवरचा बैलाच्या शिंगाचा जुना व्रण गेला. नवऱ्या मुलाच्या मुंडावळ्यांची एक सर दुसरीत विरघळली. आणि ग्लोचा अर्थ त्यानं गोरेपणा असा घेतला, त्यामुळे नवऱ्याच्या काकांचा चेहरा गोरा आणि हात शेतातले, असा माणूस तयार झाला. हे सगळं मी पाहिलं होतं. पण मोबाइलवर, बोटभर आकारात. तिथे सगळेच सुंदर दिसतात.

छपाईचंही तेच. माझा कॅमेरा ६००० बाय ४००० ठिपक्यांचा फोटो देतो. परत आलेलं चित्र होतं १५३६ बाय १०२४ चं. इंचाला ३०० ठिपके धरले तर ते पाच इंच रुंद छापता येतं. मी ते अल्बमच्या अठरा इंचांच्या पानावर ताणलं होतं. आजीनं चेहरा ओळखला नाही यात नवल ते काय.

अल्बम स्वखर्चानं पुन्हा छापला. तरी मदतनीस मी सोडलेला नाही आणि तुम्हीही सोडू नका. आता त्याला करायला नाही, सांगायला लावतो. या आज्ञेतली प्रत्येक ओळ काय करते, मूळ फायलीला कुठे हात लागतो, हे आधी विचारतो. मूळ फोटोंचं फोल्डर फक्त वाचण्यापुरतं ठेवतो, सुधारलेले नेहमी वेगळ्या फोल्डरमध्ये. फोटोंच्या नावांपुढे कॅमेऱ्याचं अक्षर आधी लावतो, मगच एकत्र करतो. दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं सकाळी जुळवतो, नाहीतर सप्तपदी मंगलाष्टकांच्या आधी येते. प्रत्येक प्रोग्रामच्या शेवटी "किती आले, किती गेले, कोणते राहिले" ही यादी मागतो. हळद, मंगलाष्टकं, वरात यांचे वेगळे गठ्ठे करतो आणि हळदीच्या गठ्ठ्याला रंगाचा आपोआप हिशेब लावतच नाही, एका फोटोवर हातानं रंग बसवून तोच बाकीच्यांना देतो. उभे फोटो आडवे पडले तर घाबरू नका. फोटोच्या पोटात कॅमेरा कसा धरला होता त्याची नोंद असते, काही प्रोग्राम ती टाकून देतात. ती वाचून फोटो आधी फिरवायला सांगा.

त्याच पोटात तारीख, वेळ आणि मोबाइलचा फोटो असेल तर बहुतेकदा जागाही असते. गेल्या पावसात दर्यापूरकडचे एक शेतकरी पाण्यात बुडालेल्या सोयाबीनचे फोटो घेऊन आले. ते म्हणाले, "भाऊ, जरा साफ करून द्या, पंचनाम्याले दाखवाचे आहेत." मी हात लावला नाही, कारण साफ करताना हीच नोंद जाऊ शकते. अंधारलेले असले तरी तसेच मूळ फोटो दाखवा म्हटलं, व्हॉट्सॲपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. त्यांना वाटलं मी पैशासाठी अडून बसलो.

चेहऱ्यांचं काम आता मी शक्यतो हातानंच करतो. तरीही कोणाला चढवायचेच असतील, तर आधी घरच्यांना विचारा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला आहे आणि त्याचा पाया संमतीवर आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, दुसऱ्याच्या लेकीबाळींचे फोटो त्यांना न विचारता बाहेरच्या सर्व्हरवर ठेवणं आपल्याकडे कोणाला आवडणार आहे? मी ऑर्डरच्या पावतीवर संमती विचारणारी ओळ छापून घेतली आहे. बरेच जण "नको" वर खूण करतात. लहान मुलांचे मी संमतीची खूण असली तरी चढवत नाही.

आजीला नवा फोटो नेऊन दिला, गोंदणासकट, सुरकुत्यांसकट. तिनं तो लांब धरून पाहिला, मग हनुवटीवर बोट फिरवून ठिपके मोजले. तीन भरले.

हळदीचे ते राखेसारखे फोटो मी पुसलेले नाहीत. या धंद्यात नव्यानं उतरणाऱ्या कोणाला पाहायचे असतील तर सीझन सुरू व्हायच्या आत स्टुडिओत या, दाखवतो.