सनई आणि सॅक्सोफोन

नागपूर शहरात शंकरराव सप्रे नावाचे एक संगीतशिक्षक होऊन गेले. त्यांच्या हाताखाली अनेक मुले गाणे शिकली. वसंतराव देशपांडे हे नामवंत गायक त्यांचेच शिष्य. दुसरा एक शिष्य म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर. आपल्या चित्रपटसंगीतात सॅक्सोफोनसारखी परदेशी वाद्ये ज्यांनी रुळविली, त्यांत या दुसऱ्या शिष्याचे नाव अग्रभागी आहे.

सॅक्सोफोन हे सनईचे दूरचे भावंड होय. बेल्जियम देशाच्या अडॉल्फ सॅक्स या कारागिराने ते घडविले व १८४६ साली पॅरिस येथे त्याचे पेटंट घेतले. त्याचे अंग पितळेचे असते. परंतु मुखाशी एक पातळ पट्टी बसविलेली असते. फुंकर घातली की ती पट्टी थरथरते आणि नळीतील हवा नादू लागते. सनईतही पत्तीच थरथरते. मात्र तेथे ती दुहेरी असते.

पुढे अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादकांनी जॅझ नावाचे संगीत निर्माण केले आणि सॅक्सोफोनला त्यात मानाचे स्थान मिळाले. गवई ज्याप्रमाणे बंदिशीचा विस्तार करताना आयत्या वेळी नव्या जागा शोधतो, त्याप्रमाणे जॅझचा वादक ओळखीच्या चालीतून नवे सूर फुलवितो. १९३५ पासून असे अमेरिकन वादक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात येऊ लागले. गोव्यातील तरुणांनी चर्चच्या शाळांत पाश्चात्य स्वरलिपी शिकलेली होती. त्यांनी ही विद्या झपाट्याने आत्मसात केली. तथापि हे सूर हॉटेलाच्या भिंतींआडच राहिले असते. ते सामान्य श्रोत्यांच्या कानी घालण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत रामचंद्र हे एक प्रमुख होत.

रामचंद्रांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे झाला. नागपुरास सप्रे यांच्याकडे आणि पुण्यास विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे त्यांनी रागदारीचे शिक्षण घेतले. तरुणपणी त्यांना चित्रपटात नट व्हावयाचे होते. ‘नागानंद’ या चित्रपटात त्यांना नायकाची भूमिका मिळालीही. परंतु नट म्हणून त्यांचे नाव झाले नाही. ते खचले नाहीत. सोहराब मोदींच्या मिनर्व्हा संस्थेत लहानसहान कामे करीत असताना ते इतर संगीतकारांच्या साथीला हार्मोनियम वाजवू लागले. अमरावतीस जन्मलेले भगवान पालव हे त्यांचे स्नेही. भगवानांच्या ‘सुखी जीवन’ या १९४२ च्या चित्रपटाला रामचंद्रांनी संगीत दिले आणि त्यांची खरी वाट त्यांना सापडली.

१९४७ साली ‘शहनाई’ हा चित्रपट आला. शहनाई म्हणजे सनई. पण त्यातील एका गाण्याची धाटणी थेट पाश्चात्य होती आणि त्यात चक्क शीळही होती! १९५१ च्या ‘अलबेला’मध्ये बोंगो, ट्रंपेट, क्लॅरिनेट व सॅक्सोफोन एकत्र घुमले. चित्रपटातील वादक सहसा पडद्यामागेच राहतात. येथे मात्र ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजलेले गोव्याचे ट्रंपेटवादक आपल्या साथीदारांसह पडद्यावर झळकले.

पाश्चात्य वाद्यांनी आपले संगीत बाटेल, असे तेव्हा अनेकांना वाटे. १९५२ नंतर काही काळ आकाशवाणीने चित्रपटगीतांना फारसा थारा दिला नाही. या आक्षेपाला रामचंद्रांनी वाद न घालता सुरांनी उत्तर दिले. १९५३ च्या ‘अनारकली’त त्यांनी भीमपलास रागावर चाल बांधली. १९५७ साली ‘आशा’साठी त्यांनी ‘ईना मीना डीका’ हे गाणे रचले. खोलीबाहेर खेळणाऱ्या मुलांच्या बडबडीवरून ते सुचले व त्यांचे गोमंतकीय साहाय्यक जॉन गोम्स यांनी त्यात कोकणी शब्द घातले, असे सांगतात. पुढे चीनशी झालेल्या युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, लता मंगेशकरांनी दिल्लीत ‘ऐ मेरे वतन के लोगों’ हे गीत गाइले. कवी प्रदीप यांच्या त्या शब्दांना चाल रामचंद्रांचीच होती. जो संगीतकार पावलांना ठेका धरावयास लावतो, तोच डोळ्यांत अश्रूही उभे करू शकतो, हे लोकांना पटले.

पुढील पिढीच्या संगीतकारांना ही वाट रुळलेली मिळाली. १९६८ साली शंकर-जयकिशन यांनी राग आणि जॅझ यांचा मेळ घालणारी एक ध्वनिमुद्रिका काढली. तीत रईस खाँ यांची सतार आणि मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन शेजारी शेजारी वाजले.

५ जानेवारी १९८२ रोजी रामचंद्र निवर्तले. लहानपणी गुरूंनी घोटून घेतलेला षड्ज त्यांच्यापाशी पक्का होता; म्हणूनच दूरदेशीच्या वाद्याला घरात बोलाविताना त्यांना भय वाटले नाही. घराचा पाया भक्कम असला की खिडक्या खुशाल उघड्या टाकाव्यात.

स्वाध्याय

१. सनई व सॅक्सोफोन यांत साम्य कोणते व भेद कोणता?
२. रामचंद्रांनी आक्षेपांना कसे उत्तर दिले?
३. पाठातील शेवटच्या वाक्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहा.